पाळणा आणि पेशवाई

बालसंगोपनाची पुस्तके आणि ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या यांचा एकमेकींशी संबंध काय, असे वाचक विचारतील. आपल्या घरांतील कपाटांनी मात्र ही सोयरीक केव्हाच जुळवली आहे. देशातून निघताना ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांत जपून आणलेल्या 'स्वामी' आणि 'राऊ', आणि त्यांना लागूनच येथे आल्यावर घेतलेली बाळाची पुस्तके. दोन्ही वाचून आमचे जे मत झाले ते येथे मांडतो.

देशात बाळंतिणीच्या उशाशी आई, सासू, मावशी असत. येथे दिमोना, अश्दोद, बीरशेवा अशा गावी लहानशा घरात तरुण आई एकटी पडली. 'टिपत हलाव'ची नर्स ठरल्या दिवशी भेटे. रात्री दोन वाजता बाळ रडू लागले, की पुस्तकालाच आजी व्हावे लागे. त्यामुळे या पुस्तकांचा शब्द घराघरांत वडीलधाऱ्यांसारखा मानला गेला. म्हणूनच त्यांची परीक्षा कडक हवी.

या विषयात अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक सर्वांत गाजले. ते १९४६ साली निघाले, आणि १९९८ मध्ये डॉक्टर वारले तोवर त्याच्या पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या होत्या. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मांडीवर घेऊ नका, त्यांचे मुके घेऊ नका, असा कोरडा उपदेश केला होता. स्पॉक यांनी आईला तिच्या स्वतःच्या समजुतीवर विसंबायला शिकवले आणि बाळाला कुशीत घेण्याची मोकळीक दिली. हे त्यांचे उपकार मोठे आहेत.

पण याच पुस्तकाच्या १९५० नंतरच्या आवृत्त्यांनी बाळाला पालथे निजवण्याची शिफारस केली. उताणे बाळ ओकले तर गुदमरेल, हे कारण वरवर पटण्यासारखे होते. प्रत्यक्षात पालथे निजणाऱ्या बाळांतच झोपेत अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक होते. १९७० च्या सुमारास पुरावा हाती असूनही हा सल्ला अनेक वर्षे तसाच चालू राहिला. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये व १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणे निजवण्याची मोहीम निघाली, आणि पुढील दहा वर्षांत अमेरिकेतील असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मायेच्या भाषेत सांगितलेली चूकही चूकच असते.

मग आजीच खरी म्हणावी काय? तिने बाळ उताणे निजवले ते योग्यच. पण तिनेच डोक्याखाली मोहरीची उशी ठेवली आणि घुटी मधात उगाळून चाटवली. वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, हे १९७० नंतरच्या दशकात कळले. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, घरात सफरचंद आणि मध फिरतो, तेव्हा पाळण्यातल्या नातवाला बोटभर चाटवण्याचा मोह आवरावा. पुस्तकाची नवी, सुधारलेली आवृत्ती निघते. आजीची निघत नाही. पण त्याच न्यायाने आपल्या वेळचे जुने पुस्तक सुनेच्या हाती देऊ नये.

कादंबरीच्या आवृत्त्या पुष्कळ निघतात, दुरुस्ती मात्र होत नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ ची. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊर येथे सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या. या एवढ्याशा हकिगतीतून देसाई यांनी एक भरला संसार उभा केला. त्यातील अदब, तो संयम, ती वाड्यातली भाषा यांनी परमुलखात आमची मराठी ताजी ठेवली, हे ऋण आम्ही विसरत नाही.

तक्रार आहे ती शेवटाबद्दल. ज्याने क्षयाचा रोगी सांभाळला आहे त्याला ठाऊक असते, की तो आजार म्हणजे थुंकी, रात्रीचा घाम आणि हाडांवर ओढलेली कातडी. कादंबरीत त्या मरणाला तेज चढते आणि सती जाणे म्हणजे प्रेमाची पूर्तता वाटू लागते. वाचताना डोळे भरून येतात, आणि नेमके तेव्हाच सावध व्हावे. एक तरुण बाई जिवंत जळाली, हे सुंदर भाषेने झाकता कामा नये.

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' १९७२ ची. तिच्यावर आधारलेला चित्रपट २०१५ मध्ये आला आणि नातवंडांनाही मस्तानी ठाऊक झाली. १७४० मध्ये बाजीराव गेले, त्यांच्या पाठोपाठ मस्तानी गेली. मागे राहिला त्यांचा मुलगा समशेर बहादूर, सुमारे सहा वर्षांचा. सवतीच्या त्या पोरक्या पोराला काशीबाईंनी वाढवले, असे सांगतात. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन तो मरण पावला. आमच्या मते या साऱ्या कहाणीतील सर्वांत अवघड प्रेम काशीबाईंचे. पण प्रेमकादंबरीला त्याचे अप्रूप नसते. ती जिथे पडदा टाकते, तिथे पोराचे दुखणेखुपणे सुरू होते.

संगोपनाचे पुस्तक तिथूनच पुढे बोलू लागते. पण त्याला बाळाचे वजन कळते, काशीबाईंचे मन कळत नाही. त्यासाठी पुन्हा कादंबरीकडेच यावे लागते. म्हणून आम्ही दोन्ही कपाटात ठेवू. पहिले घेताना आवृत्तीचे साल पाहावे. दुसरी मुलीच्या हाती देताना एक प्रश्नही सोबत द्यावा: या प्रेमाची किंमत कोणी मोजली, आणि मागे राहिलेले मूल कोणी वाढवले?