हायड्रोजनची मोटार आणि मराठी वाक्य : तांत्रिक गद्याचे एक परीक्षण

मराठीतील शास्त्रीय गद्याविषयी गेल्या शंभर वर्षांत जी चर्चा झाली, तिचा फार मोठा भाग नामांभोवती फिरत राहिला. अमुक पदार्थाला काय म्हणावे, संस्कृतातून शब्द घडवावा की इंग्रजीतला तसाच ठेवावा, या प्रश्नावर समित्या बसल्या, कोश निघाले आणि वृत्तपत्रांतून पुष्कळ शाई खर्ची पडली. एखादे यंत्र कसे चालते हे सांगणारे मराठी वाक्य कसे असावे, याची चिकित्सा मात्र क्वचितच झाली. या उपेक्षेचे परिणाम पाहावयाचे तर हायड्रोजनच्या मोटारीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. वस्तू नवी आहे, तिचे तत्त्व जुने आहे, आणि तिच्याविषयी मराठीत लिहिताना होणाऱ्या चुका बहुधा शब्दांच्या नसून वाक्याच्या असतात.

वस्तूचा परिचय थोडक्यात असा. १९३९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात वुड रिव्हर येथे शेल कंपनीच्या संशोधकांनी आपापसांत पैज लावली की, तेवढ्याच इंधनात कोणाची गाडी अधिक दूर जाते ते पाहू. या पैजेतून पुढे १९८५ साली फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. ती भारतात २०१८ साली चेन्नई येथे व २०१९ साली बंगळूर येथे भरली होती. पेट्रोलच्या गाड्यांबरोबर हायड्रोजनच्या इंधन-घटावर चालणाऱ्या गाड्यांचाही तीत एक वर्ग असतो. २००५ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील चमूने बांधलेली तीन चाकांची, सुमारे २९ किलो वजनाची गाडी एक लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेत ५,३८५ किलोमीटर जाईल, असे मोजमापावरून ठरले. महाराष्ट्रात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या परिषदेची आहे, ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून २०२० साली इंधन-घटाच्या मोटारीची चाचणी घेतली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच तत्त्वावरील बस पुण्यात लोकांसमोर आली. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्पर्धेसाठी वाहने बांधण्याचा उद्योग आता विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडला आहे. या वाहनांत हायड्रोजनच्या घटाची भर पडणे अशक्य कोटीतील नाही.

आता नामाचा प्रश्न. जुन्या मराठी रसायनग्रंथांत या वायूला ‘उज्ज’ म्हणत. पुढे वृत्तपत्रांनी ‘उद्जन बाँब’ हा प्रयोग रूढ केला. दोन्ही शब्द ग्रीक मुळाचे भाषांतर करू पाहतात. ग्रीक नावाचा अर्थ ‘पाणी उत्पन्न करणारा’ असा आहे. ‘उज्ज’ची फोड उद् + ज अशी केली तर अर्थ होतो ‘पाण्यापासून जन्मलेला’. जनक आणि जन्य यांची ही अदलाबदल व्याकरणाच्या शिक्षकाला दोषास्पद वाटेल. शिवाय पाणी या अर्थाचा समासातील शब्द ‘उद’ आहे. ‘उद्’ हा उपसर्ग ‘वर’ या अर्थाचा. तथापि गंमत अशी की, हायड्रोजनच्या मोटारीत दोन्ही अर्थ खरे ठरतात. विजेने पाण्याचे विघटन करून हा वायू मिळविला तर तो पाण्यापासून जन्मलेला असतो, आणि घटात ऑक्सिजनशी संयोग पावून तो पुन्हा पाणीच उत्पन्न करतो. इतका अर्थपूर्ण असूनही ‘उज्ज’ टिकला नाही. ‘प्राणवायू’ मात्र टिकला. २०२१ च्या साथीत तो घरोघर उच्चारला गेला. एक शब्द लोकांच्या श्वासाशी जोडला गेला, दुसऱ्याशी लोकांचा संबंधच आला नाही, एवढेच याचे कारण. शब्द शुद्ध आहे की अशुद्ध, याने त्याचे आयुष्य ठरत नाही.

हा वाद व्यवहारात मिटविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी वाईला द्यावे लागते. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाच्या वतीने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. संस्कृतचा एवढा अधिकारी पंडित प्रमुख असूनही विश्वकोशाने मूलद्रव्यांच्या बाबतीत हायड्रोजन, ऑक्सिजन हीच नावे स्वीकारली आणि संस्कृत साधने संकल्पनांसाठी राखून ठेवली. ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ हे नोंदीचे शीर्षक या धोरणाचा उत्तम नमुना होय : अर्धे संस्कृत, अर्धे इंग्रजी, आणि सर्वस्वी मराठी. वस्तूला तिच्या गावचे नाव ठेवावे व तिच्या क्रियेला आपल्या भाषेत सांगावे, हा त्यामागील विवेक आजही पटतो.

मात्र संकल्पनांसाठी घडविलेले शब्द सर्वत्र निर्धोक आहेत असे नाही. ‘धनाग्र’ हाच शब्द पाहावा. १८३४ साली फॅराडेने हा शब्द इंग्रजीत आणला तेव्हा ह्यूएल या पंडिताच्या सल्ल्याने त्याने ‘वर जाण्याची वाट’ अशा अर्थाचे ग्रीक नाम निवडले. प्रवाहाची दिशा दाखवावी, विद्युतभाराच्या चिन्हाशी शब्दाला बांधू नये, हा त्यात हेतू होता. मराठी परिभाषेने दिशेच्या जागी चिन्ह घातले. पाण्याचे विद्युत् विघटन करताना हे चालून जाते, कारण तेथे ते अग्र धनच असते. इंधन-घटात मात्र हायड्रोजन ज्या बाजूने येतो ते अग्र परिभाषेप्रमाणे ‘धनाग्र’ आणि प्रत्यक्षात ऋण! विद्यार्थ्याने तारा जोडताना शब्दावर विश्वास ठेवला तर मोटर उलटी फिरेल. येथे भाषांतर शब्दाचे झाले, विचाराचे झाले नाही.

‘इंधन’ या शब्दाचीही गोष्ट तशीच. संस्कृत ‘इन्ध्’ म्हणजे पेटविणे. जे पेटविले जाते ते इंधन. मराठीतील ‘जळण’ तेच सांगते. परंतु घटात हायड्रोजन पेटत नाही. तेथे ज्वाला नाही, स्फोट नाही, दट्ट्याला ढकलणारा तापलेला वायू नाही. हाच वायू साध्या एंजिनात जाळूनही गाडी चालविता येते, आणि म्हणूनच ‘हायड्रोजनवर धावणारी मोटार’ एवढे म्हटल्याने दोन अगदी भिन्न यंत्रांपैकी कोणते अभिप्रेत आहे ते कळत नाही. जाळून मिळणाऱ्या कामाला कार्नोने १८२४ साली दाखवून दिलेली मर्यादा पडते. घट त्या मर्यादेबाहेर काम करतो, आणि इंधनबचतीच्या स्पर्धेत त्याला महत्त्व येते ते यामुळेच. जो फरक हा या विषयाचा प्राण, तोच वाक्यातून निसटतो.

याला जबाबदार आहे तो ‘वर’ हा इवलासा शब्दयोगी. मराठीत दूध गॅसवर तापते, पंप डिझेलवर चालतो, माणूस पगारावर जगतो आणि होडी पाण्यावर तरंगते. साधन, उगम, आधार आणि पृष्ठभाग ही चारही नाती ‘वर’ने दाखविली जातात, बोलताना संदर्भ साहाय्याला येतो, म्हणून अडत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र अडते. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ हे शीर्षक मराठी वाचकाने अनेकदा पाहिले आहे, आणि त्यातील भाषिक ऐसपैसपणा दरवेळी एका भ्रमाला वाट करून देतो. पाणी हे हायड्रोजनचे जळण नव्हे. ते त्याची राख आहे. चुलीतली राख पुन्हा पेटविता येत नाही हे ज्याला कळते त्याला हेही कळावे. पण वाक्यच असे बांधले गेले की, राख आणि लाकूड एकाच विभक्तीत बसली. अमेरिकेत ओहायो राज्यातील न्यायालयाने १९९६ साली पाण्याच्या मोटारीचा असाच एक दावा फसवणूक ठरविला; तेव्हा भ्रम मराठीपुरता नाही हे उघड आहे. परंतु मराठीत तो अंगभूत व्याकरणाच्या आधाराने वावरतो, हे ध्यानात घ्यावयास हवे.

यावर उपाय म्हणून विद्वान लेखक सहसा नामप्रधान कर्मणी वाक्याचा आश्रय घेतो. ‘घटातील एका अग्राच्या ठिकाणी उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनचे आयनीभवन घडवून आणले जाऊन प्राप्त इलेक्ट्रॉनांचे बाह्य मंडलाद्वारे वहन केले जाते’ : या धाटणीचे वाक्य प्रत्येक अभ्यासकाच्या परिचयाचे आहे. त्यात चूक काहीच नाही. पण कोण काय करतो, कोणाला कोण अडवितो, हे त्यातून दिसत नाही. सर्व क्रिया नामे होऊन गोठल्या आहेत आणि ‘केले जाते’ हे एकच क्रियापद सर्वांचे ओझे वाहत आहे. हीच गोष्ट अशीही सांगता येते : हायड्रोजन एका बाजूने घटात शिरतो. प्लॅटिनमच्या लेपाला लागताच त्याच्या रेणूतील दोन अणू सुटे होतात व प्रत्येक अणू आपला इलेक्ट्रॉन सोडतो. उरलेला प्रोटॉन मधल्या पडद्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला पडदा अडवितो, म्हणून त्याला तारेतून वळसा घालून जावे लागते. त्या वळशाच्या वाटेवरच मोटर बसविलेली असते. पलीकडे दोघे पुन्हा भेटतात, हवेतील ऑक्सिजन त्यांना मिळतो आणि पाणी होते.

या दुसऱ्या सांगण्यात एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. शिरणे, सुटणे, सोडणे, अडविणे, वळसा घालणे ही सारी क्रियापदे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याची आहेत. पाटाचे पाणी बांध घालून वळवावे आणि वळणावर त्याच्याकडून काम करून घ्यावे, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. याच प्रदेशात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नवे यंत्र आले तेव्हा फाळ आणि रुमणे हे शब्द आपल्या जागी राहिले. आणि १९२० साली तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखाना आणि मराठी गद्य यांची इतकी जवळीक पुढे फारशी कोठे दिसली नाही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका कारागिराने भंगारातून बांधलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. त्याही वेळी वृत्तपत्रांना कौतुक सुचले, पण तिची रचना मराठीत कोणी नीट वर्णिली नाही.

या प्रदेशाच्या भाषेकडे इंधनबचतीच्या मोजमापासाठीही एक शब्द तयार आहे. गाडी ‘अ‍ॅव्हरेज’ देते, असे सर्व महाराष्ट्र म्हणतो. यातील ‘देते’ हे क्रियापद अस्सल आहे : गाय दूध देते, जमीन पीक देते, तशी गाडी अ‍ॅव्हरेज देते. नाम मात्र चुकीचे आहे. सरासरी कशाची, याचा त्यात पत्ता नाही. परिभाषेतील ‘इंधन कार्यक्षमता’ अचूक आहे, पण ती कोणी ‘देत’ नाही. साखरपट्ट्यातील माणूस मात्र ‘उतारा’ म्हणतो. शंभर किलो उसातून किती किलो साखर हाती आली, हे अंश आणि छेद दोन्ही मनात धरून सांगणारे ते गुणोत्तर होय. उतारा अकरा पडला की साडेअकरा, यावर गावाचे अर्थकारण ठरते आणि दशांशाच्या फरकावर सभा गाजतात. स्पर्धेत हायड्रोजनच्या गाडीचे यश एका घनमीटर वायूमागे किती किलोमीटर, असे मोजतात. सामान्य दाबाला तेवढ्या वायूचे वजन सुमारे ९० ग्रॅम भरते व त्यातील ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या साधारण तिसरा हिस्सा असते. ‘या गाडीचा उतारा घनमीटरला इतके किलोमीटर’ असे म्हटले तर ते साखराळ्याच्या उसवाल्यालाही समजेल आणि वालचंद महाविद्यालयाच्या प्राध्यापकालाही आक्षेपार्ह वाटू नये.

आक्षेप निघेल तो वेगळा. उतारा म्हणजे ग्रंथातील वेचा, उतारा म्हणजे सात-बाराचा कागद, उतारा म्हणजे विषावरचे औषध आणि दृष्ट लागल्यावर ओवाळून टाकलेला नैवेद्यही. एवढ्या अर्थांच्या गर्दीत परिभाषा कशी टिकावी? पण ‘बळ’, ‘काम’ आणि ‘भार’ यांची अवस्था काय वेगळी आहे? परिभाषेचा अर्थ शब्दकोश बांधत नाही. ज्या कामात तो शब्द रोज वापरला जातो ते काम बांधते. साखर कारखान्याच्या फाटकात ‘उतारा’ म्हटले तर कोणी सात-बारा काढीत नाही.

खरी अडचण अशी की, हे रोजचे काम मराठीत होत असले तरी लिहिले जात नाही. विद्यार्थी कर्मशाळेत बोलतात ते मराठीत : बेअरिंग धरते, साखळी सैल पडते, मोटर लोड घेत नाही. स्पर्धेसाठी द्यावयाचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो. स्पर्धा आंतरराष्ट्रीय, तेव्हा ते योग्यही आहे. पण त्या अहवालानंतर मराठीत काहीच उरत नाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीला मागच्यांनी केलेल्या चुका तोंडी कळतात किंवा कळतच नाहीत. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे अध्यापन प्रादेशिक भाषांतून करण्यास मुभा दिली, तेव्हा पुन्हा भर पडली ती पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरावर, म्हणजे पुन्हा नामांवर. कर्मशाळेतील क्रियापदे त्या पुस्तकांत आली आहेत की नाहीत, हे तपासण्याचे काम भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी कोश उघडण्याआधी कऱ्हाडच्या किंवा सांगलीच्या एखाद्या कर्मशाळेत बसून, गाडी बिघडलेली असताना मुले काय बोलतात ते टिपून घ्यावे लागेल. बिघाडाच्या वेळी माणूस अचूक क्रियापद वापरतो.

एक शब्द तर अजून कोणीच ठरविलेला नाही. पेट्रोलच्या गाडीच्या मागच्या नळीला गॅरेजात ‘सायलेन्सर’ म्हणतात. पूर्वीच्या यंत्रांचे ते धुराडे. हायड्रोजनच्या गाडीला धूर नाही आणि शांत करावा असा आवाजही नाही. मागच्या नळीतून वाफ निघते आणि पाणी ठिबकते. कौलारू घराच्या वळचणीला पाणी वाहून नेण्यासाठी जी लावतात, तिला मराठीत पन्हळ म्हणतात.