न पाहिलेली अनारकली

अनारकली म्हटले की आमच्या धावड्यातल्या मुलांना 'मुगल-ए-आझम' (१९६०) आठवतो, आणि त्यातली उर्दू. मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीने १९२८ मध्ये काढलेली 'अनारकली' मात्र मूक होती. दिग्दर्शक आर. एस. चौधरी, नायिका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या ज्यू अभिनेत्री रुबी मायर्स.

हा मूकपट आज पाहायला मिळत नाही. तेव्हा त्यातल्या अभिनयाचे गुणदोष सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही एक मुद्दा उरतो. उर्दू हीच या कहाणीची जान, असे आम्ही उर्दू शिकवणारे मानतो. इम्तियाज अली ताज यांच्या नाटकाने तो समज पक्का केला. पण सुलोचनाबाईंची ती अनारकली उर्दूचा एक शब्दही न उच्चारता लोकांपुढे आली. बोलपट आल्यावर त्यांना हिंदुस्थानी शिकावी लागली. मग १९३५ मध्ये त्या पुन्हा अनारकली झाल्या, आणि १९५३ मध्ये सलीमची आई.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला 'तुमची जबान कोणती?' असे दोन्हीकडून विचारले जाते. कहाणी भाषेपेक्षा मोठी असते, याचा एक पुरावा त्या रिळांबरोबर गेला. आमची खरी हळहळ ती आहे.