स्मित, हसू आणि हसे

अनुवादित कादंबऱ्यांतील माणसे वरचेवर 'स्मित' करतात. क्वचित ती स्मित 'देतात'ही. कारकून असो वा कोळीण, ओठांवर स्मितच. हा शब्द कोणत्या दरबारातून आला, याचे भान अनुवादकाला क्वचितच असते.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले. त्यांपैकी स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. अतिहसितात हात कुशीवर जातात. जो जितका थोर, तितके त्याचे दात कमी दिसावेत, असा हा दंडक. नटाला तो उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु हे वर्गीकरण हसणाऱ्याच्या देहाचे आणि दर्जाचे आहे. उपहसितात नाकपुड्या फुलतात, दृष्टी वाकडी होते. आपल्या 'उपहासा'ला मात्र समोर कोणी दुखावला जाणारा लागतोच.

मराठीचे लक्ष या दुसऱ्या माणसाकडे आहे. 'ती त्याच्याकडे पाहून हसली' यात ओळख असेल, अनुरागही असेल. 'ती त्याला हसली' यात मानहानी आहे. एका विभक्तीने एवढे घडते. हसू ओठांवर फुटते, हसे चारचौघांत होते. (बोलीत 'हसू होणे'ही ऐकू येते, तेव्हा ही सीमा फार काटेकोर मानू नये.) 'खुदकन' हसण्यात लाडिक निरागसता आहे. 'फिदीफिदी' मात्र हसण्याच्या आवाजाइतकीच ऐकणाऱ्याची चीड सांगते. म्हणून स्वतःविषयी हा शब्द सहसा कोणी वापरत नाही. आणि 'कसनुसे' हसणारा तर मुळी हसतच नसतो.

अनुवादकाची अडचण खरी आहे. 'तो हसला' एवढ्यावरून आवाज झाला की नाही, हेही कळत नाही. गालातल्या गालात हसण्यापासून खदखदण्यापर्यंत आपले क्रियापद एकच. तथापि या मोघमपणाला मी उणीव मानत नाही. दुराव्यानंतर परतलेल्या नवऱ्याला दार उघडताना 'ती हसली' एवढेच कथाकार लिहितो, तेव्हा तिने क्षमा केली की त्याची कीव केली, हे वाचकाला पुढच्या पानापर्यंत शोधावे लागते. तेथे 'तिने स्मित केले' असे लिहिले, की हा शोधच संपतो.