पडद्यावरचा काळोख

गेल्या दिवाळीत आमच्या बैठकीच्या भिंतीवर पंचावन्न इंची ओएलईडी दूरदर्शन संच चढला, आणि त्यानंतर आठच दिवसांत माझ्या हातून एका चित्रपटावर अन्याय झाला. चार माणसांत मी बोलून गेलो की, 'तुंबाड'ची एवढी वाखाणणी कशासाठी होते ते मला कळत नाही. सारा मामला दुपारच्या कौटुंबिक मालिकेसारखा दिसतो. चित्रपटांविषयी लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे माणसे माझ्या मताला थोडाफार मान देतात. दोघातिघांनी तो चित्रपट पाहण्याचा बेतच रद्द केला. आज हे लिहायला बसलो आहे ते त्या चित्रपटाची आणि त्या दोघातिघांची माफी मागण्यासाठी. दोष चित्रपटाचा नव्हता. संचाचाही पुरता नव्हता. तो दुकानातून जसा आला तसाच मी लावून ठेवला होता, आणि तशाच अवस्थेत त्याच्यावर पाहिलेल्या कलाकृतीबद्दल निकाल देऊन मोकळा झालो होतो.

दुकानातला संच आणि घरातला संच यांत मंगल कार्यालयातली नवरी आणि माजघरातली सून यांच्याइतके अंतर असते. दुकानात डोक्यावर शंभर दिवे जळत असतात, शेजारी वीस संच ओरडत असतात, आणि गिऱ्हाइकाची नजर आपल्याकडे वळावी म्हणून प्रत्येक संच रंग फासून उभा असतो. या अवस्थेला कारखानदार 'व्हिव्हिड' असे नाव देतात. तीत गवत विषारी हिरवे दिसते, माणसांचे गाल टोमॅटोसारखे होतात आणि पांढऱ्या धोतराला नीळ जास्त झाल्यासारखी वाटते. घरी आणल्यावर हे सोंग उतरवायचे असते, हे मला कुणी सांगितले नाही. खोटे कशाला बोलू, पहिले दोन दिवस मलाही ते आवडले होते.

ओएलईडीची खरी श्रीमंती तिच्या उजेडात नाही, काळोखात आहे. साध्या एलसीडी संचात पडद्यामागे दिवे लावलेले असतात आणि पुढची द्रवस्फटिकांची झडप त्यांचा उजेड अडवते. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून त्या संचावर अमावस्येची रात्रही राखाडी दिसते. ओएलईडीत मागे दिवाच नाही. सेंद्रिय द्रव्याच्या अतिपातळ थरांतून वीज खेळवली की ते थर स्वतःच उजळतात. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या कोडॅक कंपनीतल्या दोन संशोधकांनी असा कामचलाऊ दिवा 1987 साली जगापुढे मांडला. त्यानंतर वीस वर्षांनी, 2007 साली, सोनीने अवघा अकरा इंची दूरदर्शन संच विक्रीला आणला, आणि पंचावन्न इंची पडदे दुकानांत यायला 2013 साल उजाडले. आजच्या फोर-के संचात असे सुमारे 83 लाख टिपके असतात आणि त्यांतला प्रत्येक स्वतंत्रपणे पेटतो, मंदावतो, विझतो. जिथे काळे दाखवायचे तिथे टिपका विझलेलाच असतो. तिथे काळा रंग दिसत नाही. नुसता उजेड नसतो.

सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे. तरुण स्त्रीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून पाझरणारा तांबूस उजेड. त्या चित्राचा बराचसा कागद अंधाराच्या स्वाधीन झालेला आहे, आणि तो आहे म्हणूनच चेहऱ्यावरचा उजेड उबदार वाटतो. कल्पना करा, एखाद्या उत्साही गृहस्थाने 'नीट दिसत नाही' म्हणून त्या चित्राची सारी पार्श्वभूमी पुसून फिकट केली, तर काय उरेल? संचाच्या यादीतली 'ब्राइटनेस' नावाची कळ पुष्कळ संचांवर नेमके हेच करते. नावावरून वाटते की तिने उजेड वाढतो. वस्तुतः ती काळ्याची पातळी वर उचलते आणि काळोखात राख कालवते. उजेड कमीजास्त करणारी कळ निराळी असते. काळ्याची कळ कारखान्याने जिथे ठेवली असेल तिथून सहसा हलवू नये. एवढी एकच गोष्ट कारखाना बहुधा बरोबर ठेवून पाठवतो!

'तुंबाड'ची मात्र माझ्या घरी वेगळीच विटंबना झाली होती. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रे टिपतो. सुमारे शंभर वर्षे आपल्या डोळ्यांना त्याच चालीची सवय आहे; तिच्यातली किंचितशी थरथर म्हणजेच आपल्या लेखी 'सिनेमा'. मालिका आणि क्रिकेटचे सामने याहून दुप्पट किंवा अधिक वेगाने टिपले जातात, म्हणून ते गुळगुळीत, शेजारच्या खोलीत घडत असल्यासारखे दिसतात. नवे संच अतिशहाणपणाने दोन चित्रांच्या मध्ये आपल्या कल्पनेने तिसरे, चौथे, पाचवे चित्र तयार करून घुसवतात. म्हणजे दिग्दर्शकाने कधी न टिपलेली चित्रे आपण पाहत असतो, तीही निम्म्याहून अधिक. पंकज कुमार यांनी कित्येक पावसाळ्यांत धीराने टिपलेला तो कोंदट पाऊस, तो वाडा, ते ओलेचिंब आकाश माझ्या संचाने चकचकीत करून टाकले. राही अनिल बर्वे यांच्या या 2018 सालच्या चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलेले, आणि कथेचा धागा नारायण धारपांकडून. मराठी वाचकाच्या दोन जुन्या भित्या एकत्र आलेल्या, आणि मला त्यात मालिका दिसली.

या उपद्व्यापाविरुद्ध खुद्द टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी डिसेंबर 2018मध्ये एक छोटी चित्रफीत काढून प्रेक्षकांना विनवणी केली होती. पुढल्या वर्षी, 2019च्या ऑगस्टात, 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. स्कॉर्सेसी, नोलन अशा दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला. ही एक कळ दाबली की मधली बनावट चित्रे, कृत्रिम धार, सफाईची यंत्रणा सारे बंद होते आणि पांढरा रंग चित्रपट तयार करणाऱ्यांनी पाहिला होता तसा दिसतो. ज्या संचात ही कळ नाही तिथे 'सिनेमा' नावाची असते. तीही पुष्कळ जवळ नेते. एक कबुली मात्र द्यायला हवी. ओएलईडीचे टिपके क्षणार्धात पालटतात, त्यामुळे कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरू लागला की चोवीस चित्रांचे धक्के जाणवतात. आमच्या भाच्याला ते खटकतात, म्हणून तो ही यंत्रणा अगदी तळच्या पायरीवर ठेवतो. मी ती पुरती बंद ठेवतो. या मुद्द्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोघेही सुखाने नांदतात.

पांढऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण घराघरांत भांडण होते ते इथेच. सोंग उतरवलेला संच पहिल्या दिवशी पिवळट वाटतो. आमच्या सौ. म्हणाल्या, "पडद्याला कावीळ झाली की काय?" आयुष्यभर ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात वावरलेल्या डोळ्यांना पांढरे म्हणजे निळसरच वाटते. तीन-चार दिवस कळ काढावी. मग जुनेच चित्र बर्फासारखे वाटू लागते. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (1959) मी दोन्ही प्रकारे पाहिला. ओसाड स्टुडिओत वरून कोसळणारा तो प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून सूर्यप्रकाश वळवून आत आणला होता. निळसर पांढऱ्यात तो गोदामातल्या दिव्यासारखा दिसतो. उबदार पांढऱ्यात तो ऊन होतो. आणि संचाची 'सफाई' चालू असेल तर त्या झोतातले तरंगणारे कण आणि फिल्मचे रवाळ पोत हे दोन्ही केर समजून झाडून टाकले जातात. मूर्तींचे अर्धे काम त्या कणांत आहे.

तरीही सारा दोष प्रेक्षकाच्या माथी मारणे मला पटत नाही. एप्रिल 2019मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा 'द लाँग नाइट' हा रात्रीच्या लढाईचा भाग दाखवला गेला, आणि काहीच दिसले नाही म्हणून जगभर ओरड झाली. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांचे म्हणणे असे पडले की अंधार हेतुपुरस्सर होता आणि पुष्कळांना आपला संच नीट लावता येत नाही. निम्मे खरे आहे. परंतु तारेतून येणारे चित्र आधी इतके दाबून लहान केलेले असते की अंधारातले बारकावे पहिल्यांदा बळी जातात आणि काळ्या भागात चौकोनी डाग नाचू लागतात. ओएलईडी हे डाग लपवत नाही. उलट चव्हाट्यावर मांडते. शिवाय ज्याला दिवसाढवळ्या, पडदे नसलेल्या खोलीत, मुले खेळत असताना पाहायचे आहे, त्याचा विचार न करता घरच्या पडद्यासाठी चित्र रंगवणे हाही एक प्रकारचा अहंकारच म्हणायचा.

आता भाच्याकडे वळतो, कारण माझे डोळे त्यानेच उघडले. तो प्लेस्टेशनवर 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा खेळ खेळत होता. इ.स. 1274 सालच्या मंगोल स्वारीवरचा हा खेळ 2020 साली आला. त्यात एक 'कुरोसावा मोड' आहे. तो लावला की सारे काळेपांढरे, रवाळ होते आणि वारा अधिक घोंगावतो. मी थबकलो. अकिरा कुरोसावांचे नाव आणि आमच्या बैठकीत, तेही खेळात! मी म्हणालो, "अरे, पण हे निळे का दिसतंय?" तो हसून म्हणाला, "मामा, तुमचा तुंबाडही असाच निळा दिसत होता. तुम्ही त्यालाच नावं ठेवलीत." खेळाची कळही कारखान्यातून थंड पांढऱ्यावर बसवलेली येते, त्याने ती माझ्यादेखत 'वॉर्म'वर नेली आणि तो जपानी माळ एकाएकी जुन्या फिल्मवरचा झाला. त्याच रात्री त्याने 'तुंबाड'ची व्यवस्थाही दुरुस्त केली. विहिरीत उतरणारा विनायक मी तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पाहिला. त्याच्या भोवतीचा काळोख आमच्या खोलीच्या काळोखाला जाऊन मिळाला होता आणि संचाची चौकट कुठे संपते ते कळत नव्हते.

खेळाला मात्र चित्रपटाचे सगळे नियम लागू पडत नाहीत. चित्रपट पाहणारा वाट पाहू शकतो, खेळणारा नाही. कळ दाबल्यापासून तलवार हलेपर्यंतचा वेळ 'गेम मोड'मध्ये दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो. चित्र सजवत बसलेला संच शंभराच्या घरात जाऊ शकतो. तबलजीची थाप पडावी आणि आवाज मागाहून यावा, तसे ते होते. सेकंदाला 120 चित्रे घेणारे नवे यंत्र असेल तर ते एचडीएमआय 2.1च्या खोबणीत जोडावे. संचाच्या सगळ्याच खोबणी तशा नसतात. यंत्रातही एक सोय आहे: पडद्यावर सूर्याचे चिन्ह येते आणि ते जेमतेम दिसेनासे होईपर्यंत कळ फिरवायची. म्हणजे आपला पडदा किती तेजस्वी आणि किती काळा होऊ शकतो ते खेळाला कळते. मग संचावर 'एचजीआयजी' हा पर्याय निवडावा, नाहीतर एकाच चित्राला खेळ आणि संच असे दोघेही हात लावतात आणि भाजीत मीठ दोनदा पडते.

ओएलईडीचे वर्म ठाऊक असू द्यावे. सेंद्रिय द्रव्य झिजते. एकाच जागी तासन्‌तास तेच उजळ चिन्ह राहिले, मग ते वृत्तवाहिनीचे असो वा खेळातला नकाशा, तर त्याचा ठसा उमटू शकतो. 'त्सुशिमा'त कोपऱ्यात नकाशा नाही, वाटाड्या म्हणून वाराच वाहतो. हे कलेच्या दृष्टीने सुंदर आहेच, पण पडद्यालाही मानवते. संच या झिजेची डागडुजी स्वतः करतो, परंतु आपण तो रिमोटने मिटवल्यानंतर, निजल्यासारखा दिसत असताना. आणि आपल्याकडे रात्री निजताना भिंतीवरचे बटण बंद करणे हा धर्म आहे. आमच्याकडे तो दोन महिने निष्ठेने पाळला गेला. आता त्या बटणावर सौ.नी चिकटपट्टी लावली आहे.

खोलीचा प्रश्न तेवढा उरला. काचेत सगळी बैठक दिसते. समोरच्या खिडकीतली दिव्यांची माळ गुरुदत्तांच्या कपाळावर लुकलुकते. संचाच्या मागे एक मंद पांढरा दिवा ठेवला आणि बाकीचे मालवले की डोळे शिणत नाहीत आणि काळे काळेच राहते. परंतु लक्ष्मीपूजनाला घरात अंधार करण्याचे नाव काढण्याची माझी छाती नाही. म्हणून त्या दोघातिघांना मी भाऊबिजेच्या रात्री, पाहुणे पांगल्यावर, साडेदहाला बोलावले आहे. 'तुंबाड' लावणार आहे. फराळ त्यांनी आधीच आटोपून घ्यावा, कारण ट्यूब मी मालवणार आहे आणि अंधारात चकली कोणती नि कडबोळे कोणते ते कळायचे नाही.