बॅरिस्टर अंतुले आणि त्यांचे स्तुतिपाठक

आमच्या भाषेंत पुढाऱ्यांविषयीं जें लेखन होतें त्याचे बहुधा दोनच वर्ग पडतात: एक पोवाड्याचा आणि दुसरा फिर्यादीचा. पहिल्यांत नायकास दोष नसतो, दुसऱ्यांत त्यास गुण नसतो. ज्या पुरुषाचे गुण आणि दोष एकाच झऱ्यांतून वाहत आले, अशा पुरुषाविषयीं लिहूं जातां ह्या दोन्ही रीति कशा लंगड्या पडतात, ह्याचें उदाहरण शोधण्यास आम्हां रायगड जिल्ह्यांतील लोकांस दूर जाण्याचें कारण नाहीं. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे म्हसळें तालुक्यांतील, सावित्रीकांठच्या आंबेत गांवचे. त्यांचा जन्म १९२९ सालचा. ९ जून १९८० रोजीं ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, जानेवारी १९८२ मध्यें त्यांस तें पद सोडावें लागलें, आणि २ डिसेंबर २०१४ रोजीं ते निवर्तले. सत्ता अवघी दीड वर्षाहून किंचित् अधिक. पण तेवढ्या काळावर जितकें बोललें गेलें आहे तितकें पांच पांच वर्षें राज्य केलेल्या कित्येकांवर बोललें गेलेलें नाहीं. त्यांच्या निधनानंतर जे गौरवलेख निघाले आणि आजहि त्यांच्या आठवणी म्हणून जें सांगितलें जातें, त्याचा विचार साहित्याच्या दृष्टीनें करावा असा आमचा हेतु आहे.

धाटाव हें रोह्याजवळचें, कुंडलिकेच्या खोऱ्यांतील गांव. तेथें औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून रसायनांचे कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागून चहाचीं दुकानें आलीं. पाळी सुटल्यावर तेथें, किंवा रोह्याच्या बाजारांत, वडील माणसांच्या तोंडून बॅरिस्टरांची जी गोष्ट ऐकूं येते तिचा सांगाडा ठरलेला असतो. कोणी गरीब माणूस, एखादी विधवा किंवा एखादा शाळामास्तर, अर्ज घेऊन मुंबईस जातो. मंत्रालयांतील अधिकारी नियम दाखवून नकार देतो. इतक्यांत बॅरिस्टर येतात, अर्ज हातीं घेतात, उभ्याउभ्या सही करितात, आणि अधिकारी पाहातच राहतो. नांवें बदलतात, गांव बदलतें, कधीं बदलीचा हुकूम असतो, कधीं शाळेची मान्यता, कधीं रस्ता. सही मात्र नेहमीं तीच. ह्या गोष्टी किती खऱ्या आणि किती तोंडोतोंडीं वाढलेल्या ह्याची छाननी आम्ही येथें करीत नाहीं. टीकाकारास त्यांची घडण पुरेशी आहे.

त्या घडणींत तीन पात्रें आहेत, आणि त्यांपैकीं नियमांचें पुस्तक घेऊन बसलेला अधिकारी हाच ऐकणाराच्या आनंदाचें खरें कारण आहे. ज्यानें तलाठ्यापासून जिल्हाकचेरीपर्यंत आयुष्यभर हेलपाटे घातले, त्यास नियमाचा असा पाणउतारा झालेला पाहून जें सुख होतें तें आम्हांस समजतें. राजानें फिर्याद ऐकून जागच्या जागीं न्याय द्यावा, ही आपल्या कथांतील फार जुनी हौस आहे. परंतु सांगणाराच्या ध्यानांत एक गोष्ट येत नाहीं. १९८१ सालीं जें प्रकरण उपस्थित झालें त्याचीहि घडण हुबेहूब हीच होती. सिमेंट त्या काळीं सरकारी नियंत्रणाखालीं होतें. तें परवान्यावर मिळे, वांटा ठरलेला असे, आणि नियंत्रित भाव व काळ्या बाजाराचा भाव ह्यांत मोठें अंतर असे. बांधकामाचा धंदा करणारांस ठरल्या वांट्याबाहेर सिमेंट मिळालें, आणि मुख्यमंत्र्यांनीं स्थापिलेल्या न्यासांस, मुख्यतः ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठाना’स, देणग्या मिळाल्या. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनीं ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्यें हें उजेडांत आणलें, आणि १२ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति लेंटिन यांनीं सिमेंट आणि देणग्या ह्यांचा परस्परांशीं संबंध असल्याचा निर्णय दिला. येथेंहि अर्जदार आहे, आड येणारा नियम आहे, आणि उभ्याउभ्या झालेली सही आहे. फरक एवढाच कीं ह्या वेळीं अर्जदार गरीब नव्हता.

म्हणजे धाटावचा स्तुतिपाठक आणि मुंबईचा फिर्यादी हे एकाच लेखणीची साक्ष देत आहेत, आणि दोघांसहि त्याचा पत्ता नाहीं. पहिला म्हणतो, बॅरिस्टर फार दयाळू होते. दुसरा म्हणतो, ते फार बेदरकार होते. आमच्या मतें दोन्ही विशेषणें एकाच स्वभावाचीं आहेत. आणि तो नुसता स्वभावहि नव्हता. १९७५ सालीं आणीबाणीच्या दिवसांत आपली राज्यघटना बदलून राष्ट्राध्यक्षाच्या हातीं अधिकार एकवटावा असें सुचविणारें एक टिपण कर्त्याच्या नांवावांचून फिरत होतें. त्याचें कर्तृत्व पुढें अंतुले यांच्याकडे दिलें गेलें. एकानें ठरवावें आणि तात्काळ ठरवावें, हें ज्यास राज्यशास्त्रांतील तत्त्व म्हणून पटलें होतें त्याच्या सहीच्या तत्परतेकडे केवळ मनाचा उमाळा म्हणून पाहणें हा त्या माणसाच्या बुद्धीचाहि अपमान आहे. गौरवलेखांतून हें टिपण क्वचितच डोकावतें.

स्तुतिपाठकांची दुसरी संवय अधिक खोल आहे, आणि ती त्यांची एकट्यांची नाहीं. २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति दावर यांनीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा सांगितली, तेव्हांपासून न्यायाधीशाचा निकाल एक आणि लोकांचा निकाल दुसरा, आणि दुसराच खरा, ही समजूत मराठी वाचकाच्या हाडींमासीं खिळली. टिळकांच्या बाबतींत ती यथार्थ होती. परंतु पुढें प्रत्येक पुढाऱ्याचा पाठीराखा ती उसनी घेऊं लागला. ज्या न्यायालयानें टिळकांस दोषी ठरविलें त्यानेंच बॅरिस्टरांसहि ठरविलें, एवढें म्हटलें कीं त्याला आपलें काम झालेंसें वाटतें. परक्या सरकारनें लेखाबद्दल केलेली शिक्षा आणि आपल्याच राज्यांतील न्यायाधीशानें देणग्यांचा हिशेब पाहून दिलेला निर्णय ह्यांत जें अंतर आहे तें दिसण्यास पदवी लागत नाहीं. तरी पदवीधरांच्या लेखांतूनच हें साम्य अधिक आढळतें, हें आम्हांस सखेद नमूद करावें लागतें.

त्याच वर्गाचें दुसरें विधान असें कीं, सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं बॅरिस्टरांस निर्दोष ठरविलें. तो निर्णय ज्यानें वाचला असेल त्यास हें म्हणवणार नाहीं. रामदास नायक यांच्या फिर्यादीवरून चाललेला फौजदारी खटला त्याच न्यायालयानें १९८४ सालीं विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोंपविला होता. १९५२ च्या कायद्याप्रमाणें असा खटला विशेष न्यायाधीशापुढेंच चालावयास हवा, म्हणून आपला पहिला हुकूमच चुकला आणि त्याचा भार आरोपीवर पडतां कामा नये, असें सात न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें ठरविलें. आरोप खरे कीं खोटे ह्याविषयीं त्यांत कांहीं नाहीं. गंमत अशी कीं, बॅरिस्टरांविषयीं जें गद्य आम्ही वाचलें आहे त्यांत देशाच्या श्रेष्ठ न्यायासनानें स्वतःची चूक स्वतः कबूल केल्याचें हें निकालपत्र सर्वांत सरस वाटतें. आणि स्तुतिपाठकांनीं व निंदकांनीं दोघांनींहि तें न वाचतां वापरलें आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांस मात्र अंतुले हें नांव प्रथम तेथेंच भेटतें. खटला लौकर निकालांत निघण्याचा आरोपीचा हक्क ज्या निर्णयानें स्पष्ट झाला तोहि पुढें त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळूं. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, तें अंतुले यांच्या कारकीर्दींत. भवानी तलवार विलायतेहून परत आणण्याची घोषणाहि त्यांचीच. ती तलवार आली नाहीं. एकहि गौरवलेख ह्या दोन गोष्टींवांचून पुरा होत नाहीं, आणि त्यांच्या मांडणींत नेहमीं एक ‘असूनहि’ असतो: मुसलमान असूनहि ते शिवभक्त होते. हें वाक्य लिहिणाराचा हेतु चांगला असतो ह्यांत शंका नाहीं. तथापि ज्याचें गांव ह्याच डोंगरांत आहे, ज्याच्या लहानपणापासून रायगड हा शेजारचा किल्ला आहे, त्यानें जिल्ह्यास रायगडाचें नांव द्यावें ह्यांत ‘असूनहि’ कशास हवें? ज्या स्तुतींत नायकाला प्रथम आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करून मग सोडून द्यावें लागतें, ती स्तुति नव्हे. आणि तिचा फोलपणा डिसेंबर २००८ मध्यें दिसून आला. मुंबईवरील हल्ल्यांत हेमंत करकरे यांना आलेल्या मृत्यूविषयीं अंतुले यांनीं, केंद्रीय मंत्री असतां, शंका बोलून दाखविली. ती शंका अस्थानीं आणि त्यांच्या पदास न शोभणारी होती असेंच आमचेंहि मत आहे. परंतु त्या आठवड्यांत कालचे कित्येक प्रशंसक ज्या त्वरेनें ‘असूनहि’ मागें घेऊन मोकळे झाले, ती त्वरा त्या स्तुतीची खरी किंमत सांगून गेली. शिवाय, मनांत आलें तें तात्काळ बोलून टाकणारा हा मनुष्य तोच होता, ज्याच्या तात्काळ सहीच्या गोष्टी ते काल सांगत होते.

अशा पुरुषाविषयीं लिहावें तरी कसें? इंग्रजींत मेकॉलेचा क्लाइव्हवरील निबंध प्रसिद्ध आहे. क्लाइव्ह हा आम्हांस पूज्य असण्याचें कारण नाहीं. पण मेकॉलेला तो प्रिय होता, आणि तरीहि उमीचंदास फसविण्यासाठीं क्लाइव्हनें केलेल्या खोट्या सहीवर त्यानें पांघरूण घातलें नाहीं. १७७३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानेंहि क्लाइव्हनें पैसा घेतला आणि त्यानें देशाची मोठी सेवा केली, अशीं दोन्ही विधानें नोंदलीं. पण इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. सभासदानें १६९७ सालीं राजारामाच्या आज्ञेवरून लिहिलेली बखर ही पोशिंद्यासाठीं लिहिलेली स्तुति आहे, हें खरें. परंतु भाऊसाहेबांची बखर पहा. तिच्या कर्त्याचें भाऊवर प्रेम आहे, पानिपताचें दुःख ओळीओळींत आहे, आणि तरी होळकर व सूरजमल जाट यांचा सल्ला झिडकारणारा भाऊचा ताठा त्यानें वाचकापासून लपविलेला नाहीं. उलट त्या ताठ्यावांचून तो भाऊ आम्हांस खरा वाटला नसता. हा वारसा सोडून आपण पोवाड्याकडे कां वळलों हें आम्हांस कळत नाहीं.

आम्हांस स्वतःला बॅरिस्टरांविषयीं आदर वाटतो, आणि तो कशासाठीं तें सांगणें प्राप्त आहे. सहीच्या गोष्टींसाठीं तो नाहीं. १९८० सालीं त्यांच्या सरकारनें संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. नांवाविषयीं आम्ही काय म्हणावें! न्यासास आईचें नांव, योजनेस मुलाचें; स्तुतिपाठकांचा हा नायक स्वतःहि मोठा स्तुतिपाठक होता. पण योजना पहा. जिला पाहणारें कोणी नाहीं अशा बाईस, अपंगास, सरकारनें महिन्याच्या महिन्याला कांहीं रक्कम द्यावी, आणि ती कोणाच्या मेहेरबानीनें नव्हे तर नियमानें द्यावी. ज्या माणसाचें सारें वैभव नियम मोडण्यांत आहे असें आपण ऐकत आलों, त्याचें सर्वांत टिकाऊ काम म्हणजे त्यानें केलेला एक नियम. मुख्यमंत्री गेले, त्यांच्यामागून कित्येक आले, आणि ती योजना अजून चालू आहे. रोहें तालुक्यांतील ज्या म्हाताऱ्या बायकांस ‘निराधाराचे पैसे’ मिळतात, त्यांतल्या फारच थोड्यांना हें काम कोणाचें तें ठाऊक असेल. चहाच्या दुकानांतील गोष्टींत हें येत नाहीं, कारण येथें पाहातच राहणारा अधिकारी नाहीं. तोच येथें पैसे वांटतो.

याच मतदारसंघानें १९५२ सालीं लोकसभेवर पाठविलेले चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्याच घराण्यांतले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, पुढें अर्थमंत्री, ‘मेघदूता’चे मराठी भाषांतरकार. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें; अंगाला डाग नाहीं. त्यांचें नांव निघालें कीं सगळे मान लववितात, आणि मग विषय बदलतात. बॅरिस्टरांचें नांव निघालें कीं दोघे भांडूं लागतात आणि तिसरा गोष्ट सांगूं लागतो. जिल्ह्यानें दोघांसहि निवडून दिलें होतें. चरित्रकारास त्या दोघांची एकत्र गांठ घालून द्यावीशी वाटली तर आम्हांस नवल वाटणार नाहीं.

त्या चरित्रकाराची सामग्री विखुरलेली आहे. १९६२ पासूनचीं विधानसभेचीं कामकाजें, उच्च व सर्वोच्च न्यायालयांचीं निकालपत्रें, १९८१ चीं वृत्तपत्रें, हें सर्व कागद म्हणून टिकेल. आंबेत, म्हसळें, रोहें, धाटाव येथील ज्या माणसांनीं तो काळ पाहिला तीं आतां वृद्ध झालीं आहेत, आणि त्यांच्या गोष्टी अजून कोणीं तारीखवार लिहून घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्यास हें काम हातीं घ्यावयाचें असेल त्यानें सहीची प्रत्येक गोष्ट उतरून घ्यावी, आणि तिच्याखालीं त्या वेळीं नियम काय होता तेंहि लिहावें.