संसदेचे दर्शन आणि संसदेची नोंद

संसदेच्या कोणत्याही एका बैठकीचे आज तीन पाठ अभ्यासकाच्या हाती येतात. पहिला पाठ दूरचित्रवाणीच्या चित्रफितीचा. दुसरा सभागृहातील लघुलेखकांनी टिपलेल्या व बैठकीनंतर लवकरच प्रसिद्ध होणाऱ्या असंशोधित इतिवृत्ताचा. तिसरा संशोधन होऊन ग्रंथरूपाने छापल्या जाणाऱ्या अधिकृत इतिवृत्ताचा. पोथ्यांच्या पाठचिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकाला हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की, पोथीतील पाठभेद लेखनिकाच्या प्रमादाने किंवा काळाच्या ओघात उत्पन्न होतात, तर येथील बहुतेक पाठभेद नियमाने आणि अधिकाराने उत्पन्न केले जातात. म्हणूनच त्यांची चिकित्सा ही केवळ ग्रंथालयातील बाब राहत नाही.

भारतीय संसदेच्या तांत्रिक सुधारणेचा इतिहास बहुधा सनावळीच्या रूपाने सांगितला जातो. १९५७ साली लोकसभेत स्वयंचलित मतनोंदणी यंत्र बसले. १९६४ साली इंग्रजी व हिंदी भाषणांचे तत्क्षणी भाषांतर ऐकण्याची सोय झाली. २० डिसेंबर १९८९ रोजी दोन्ही सभागृहांपुढील राष्ट्रपतींच्या अभिभाषणाचे प्रथमच थेट प्रक्षेपण झाले. पुढे १९९४ पासून प्रश्नोत्तरांचा तास देशाला घरबसल्या थेट पाहता येऊ लागला. २००६ मध्ये लोकसभेची व २०११ मध्ये राज्यसभेची स्वतंत्र वाहिनी निघाली आणि २०२१ मध्ये या दोहोंची मिळून 'संसद टीव्ही' झाली. ही यादी वाचणाऱ्याच्या मनावर अखंड प्रगतीचा ठसा उमटतो आणि तो सर्वस्वी खोटा आहे असेही म्हणता येत नाही. परंतु यादीतील पहिल्या नोंदीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. १९५७ नंतरच्या जवळजवळ सर्व सुधारणा सभागृह दिसावे, ऐकू यावे, यासाठी झालेल्या आहेत. कोणत्या सभासदाने कोणत्या विधेयकाला मत दिले, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची नागरिकाची सोय मात्र यंत्र बसले त्या वर्षी होती तेथेच आहे. दर्शन वाढले, नोंद वाढली नाही.

यात एक विचित्र विसंगती आहे, कारण या देशात संसदीय प्रकटनाचा आरंभ नोंदीपासून, म्हणजे छापील शब्दापासून, झाला होता. संसदेच्या कामकाजाचे यथातथ्य वृत्त सद्भावनेने प्रसिद्ध करणाऱ्यास न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देणारा १९५६ चा कायदा हा फिरोज गांधी यांनी आणलेल्या खाजगी विधेयकाचे फळ होय. वृत्तपत्रांबरोबर नभोवाणीलाही त्याने संरक्षण दिले होते. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ साली पुन्हा करण्यात आला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याचे तत्त्व अनुच्छेद ३६१-अ म्हणून घटनेतच प्रविष्ट झाले. सभागृहात काय बोलले गेले हे कळण्याचा हक्क या मार्गाने मिळवावा लागला, परत मिळवावा लागला व मग घटनेच्या आश्रयाने सुरक्षित करावा लागला. सभागृहात कोणी काय केले, याविषयी तसा प्रयत्न झालेला दिसत नाही.

छापील पाठ आणि चित्रपाठ यांतील सर्वांत ठळक भेद म्हणजे वगळलेले शब्द. लोकसभेच्या नियम ३८० अन्वये बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा अप्रतिष्ठित शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात; नियम ३८१ प्रमाणे त्या जागी छापील इतिवृत्तात फुल्या येतात व तळाशी खुलासा असतो. जोपर्यंत सभागृहाबाहेर शब्द जाण्याचा प्रमुख मार्ग छपाईचा होता, तोपर्यंत ही व्यवस्था परिणामकारक होती. बिहार विधानसभेच्या कामकाजातून वगळलेला मजकूर छापणाऱ्या 'सर्चलाइट' पत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली विशेषाधिकाराची बाजू उचलून धरली, ती या व्यवस्थेच्या पायावरच. थेट प्रक्षेपणाने तो पाया काढून घेतला. १ जुलै २०२४ रोजी विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी लोकसभेत केलेल्या भाषणातील काही भाग कामकाजातून काढून टाकण्यात आले. परंतु तोवर ते भाषण देशभर ऐकले गेले होते. आदेशाचा उपयोग मग कोणावर होतो? ऐकणाऱ्यावर होत नाही. पन्नास वर्षांनी इतिवृत्ताचा खंड उघडणाऱ्या संशोधकावर होतो. त्याला फुल्या मिळतील.

तथापि चित्रपाठ हाच खरा पाठ, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कॅमेरा सभागृहाचा आहे आणि तो कोठे वळावा हेही सभागृहाची यंत्रणाच ठरविते. गोंधळ माजला की पडद्यावर बहुधा अध्यक्षांचे आसन स्थिर होते. विरोधी बाकांची याविषयीची तक्रार जुनीच आहे, आणि आजचा सत्ताधारी पक्ष उद्या विरोधात बसला की तीच तक्रार करतो, हेही सांगितले पाहिजे. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेशाच्या विभाजनाचे विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने संमत होत असताना प्रक्षेपणच खंडित झाले होते. कारण तांत्रिक बिघाडाचे देण्यात आले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा १९८४ सालचा अनुभव उलट दिशेने तेच सांगतो. तेथे दिवसाचे काम आटोपल्यावर काही सभासद रिकाम्या सभागृहापुढे आवेशाने भाषणे करीत आणि पाहणाऱ्यास वाटे की, प्रतिपक्ष निरुत्तर होऊन बसला आहे. अध्यक्ष टिप ओनील यांनी एके दिवशी कॅमेरा रिकाम्या बाकांवरून फिरविण्याची आज्ञा केली. त्यांनी सत्यच दाखविले, पण प्रतिपक्षाला अडचणीत आणण्यासाठी, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. कॅमेऱ्याचे तोंड वळविणे हीही एक संपादकीय कृतीच आहे.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने चित्रपाठाचा एक लाभ मात्र निर्विवाद मानावा लागेल. संसदेत मराठीतून झालेले भाषण छापील इतिवृत्तात आजवर बहुधा इंग्रजी वा हिंदी भाषांतराच्या रूपाने आले आहे; मूळ भाषण मराठीत झाले होते, एवढे तळटीप सांगते. वक्त्याची वाक्यरचना, त्याची म्हण, त्याचा टोमणा, सारे त्या तळटिपेत विरून जाते. चित्रफितीत ते शब्द आहेत तसे राहतात. अलीकडे तत्क्षणी भाषांतराची सोय इतर भारतीय भाषांतही वाढविण्यात आली आहे व त्यात मराठीचा समावेश आहे. ऐकणाऱ्याची सोय झाली ती चांगलीच. मूळ मराठी शब्द छापील नोंदीत यावा, ही मागणी त्याने निकालात निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. घटनेचा अनुच्छेद १०० सांगतो की, सभागृहापुढील प्रश्न उपस्थित व मतदान करणाऱ्या सभासदांच्या बहुमताने निर्णीत व्हावेत. हे बहुमत कसे मोजावे ते लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये आहे. प्रथम आवाजी मतदान. अध्यक्षांच्या निर्णयास कोणी आव्हान दिल्यास दालने मोकळी करण्याचा आदेश होतो आणि साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडला जातो. पुन्हा आव्हान आल्यास यंत्राने, चिठ्ठ्यांनी किंवा दालनांत जाऊन मतविभागणी होते आणि तेव्हाच प्रत्येक सभासदाचे नाव त्याच्या मतासह नोंदले जाते. परंतु याच नियमाला एक परंतुक जोडलेले आहे. मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटल्यास ते सभासदांना जागेवर उभे करून शिरगणती करू शकतात, आणि अशा वेळी नावे नोंदली जाणार नाहीत, असे ते परंतुक स्पष्ट शब्दांत म्हणते. यंत्र समोर असताना नावे न नोंदण्याची तरतूद नियमात आवर्जून असणे, याहून अधिक बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

नोंदीच्या अभावाने काय घडू शकते ते २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दिसले. शेतीविषयक दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. विरोधी सभासदांनी मतविभागणी मागितली होती. सभासद आपल्या आसनांवर नव्हते व गोंधळात मतविभागणी घेता येत नाही, असे पीठासीन उपसभापतींच्या बाजूने सांगण्यात आले. पुढे वृत्तपत्रांनी राज्यसभा वाहिनीच्याच चित्रफिती क्षणाक्षणाने तपासून, मागणी करणारे काही सभासद आपल्या जागी होते, असे दाखविले. उपसभापतींनीही वेळा देऊन आपली बाजू मांडली. प्रक्षेपणाचा आवाज काही काळ बंद होता, ही गोष्ट वेगळीच. येथे एक संपूर्ण पाठचिकित्सा घडली खरी, पण ती कशासाठी? सभासद कोठे उभा होता हे ठरविण्यासाठी. तो कोणत्या बाजूचा होता, बहुमत खरोखर किती होते, हे सांगणारा पाठ अस्तित्वातच आला नाही. ते कायदे पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेण्यात आले. ते करताना राज्यसभेत कोणी कोणी हात दिला होता, हे इतिवृत्तातून कधीही कळणार नाही.

घटनादुरुस्तीची विधेयके याला अपवाद आहेत. अनुच्छेद ३६८ विशेष बहुमत मागतो, म्हणून तेथे मोजणी टाळता येत नाही. २० सप्टेंबर २०२३ रोजी, नव्या वास्तूतील कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी, महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत केले, तेही चिठ्ठ्यांनी. या नव्या सभागृहात मतनोंदणी यंत्राचा प्रथम उपयोग झाला तो १७ डिसेंबर २०२४ रोजी, एकत्रित निवडणुकांचे विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर. यंत्राने प्रथम २२० विरुद्ध १४९ असा आकडा दाखविला आणि चिठ्ठ्यांची भर पडल्यावर तो २६९ विरुद्ध १९८ झाला. जवळजवळ शंभर मते यंत्राबाहेरून आली यावरून काहींनी यंत्राची थट्टा केली. ती थट्टा अस्थानी होती. फलकावरील आकडा 'दुरुस्तीच्या अधीन' जाहीर करण्याची प्रथा जुनी आहे आणि अखेरीस प्रत्येक नाव नोंदले जाते, ही खरी महत्त्वाची बाब. नवख्या यंत्राची अडचण सरावाने दूर होते; जे यंत्र वापरलेच जात नाही त्याची अडचण कशाने दूर व्हावी?

याला एक विचारात घेण्याजोगा आक्षेप आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभासद पक्षादेशाने बांधला गेला आहे. त्याचे मत त्याच्या पक्षावरून कळतेच, मग नावे नोंदून नवे काय समजणार? हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण पक्षावरून मत कळते ते उपस्थित सभासदाचे. कोण अनुपस्थित राहिला, कोण सभागृहात असूनही तटस्थ राहिला, कोणत्या मित्रपक्षाने भाषणात विरोध करून मतदानात पाठिंबा दिला, हे केवळ नोंदच सांगू शकते, आणि आघाड्यांच्या राजकारणात मतदारास नेमके हेच जाणून घ्यावयाचे असते. शिवाय, पक्षादेश मोडण्याचे धैर्य एखाद्याने दाखविलेच, तर आवाजी मतदानात ते धैर्य आवाजात बुडून जाते. इंग्लंडच्या कॉमन्स सभेत कॅमेरा आला १९८९ मध्ये. परंतु मतविभागणीतील नावे ते सभागृह १८३६ पासून अधिकृतपणे प्रसिद्ध करीत आले आहे. तेथे नोंद आधी आली व दर्शन दीडशे वर्षांनी.

समित्यांच्या बैठकींचाही प्रश्न आहे. विधेयकांची बारकाईने छाननी तेथे व्हावयाची असते आणि नियम २६६ प्रमाणे त्या बैठकी खाजगी असतात. तेथे कॅमेरा नेल्यास पक्षभेद विसरून होणारी चर्चा आटेल, ही भीती निराधार नाही. तेथील एकांत काही काळ तरी राहू द्यावा. विधेयकावरील अंतिम मताला तसा एकांत मागण्याचे कोणतेच कारण नाही.

त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कायदाही लागत नाही. अनुच्छेद ११८ प्रमाणे प्रत्येक सभागृह आपले नियम स्वतः करते. विधेयक संमत करण्याच्या अंतिम प्रस्तावावर मतनोंदणी यंत्रानेच मतदान व्हावे, एवढी एक दुरुस्ती नियम ३६७ मध्ये करावी व त्याचे ते परंतुक अशा प्रस्तावांना लागू नसावे, इतकेच पुरे आहे.