संदर्भस्थळाला त्याचं वय विचारा

पेट किंवा सेट झाली, आता विषय शोधायचाय, अशा टप्प्यावरच्या वाचकांची एक मागणी ठरलेली असते: उपयोगी वेबसाइट्सची यादी द्या. यादी देतो, पण प्रत्येक स्थळाला एकाच निकषावर तपासून. निकष असा: इथला मजकूर मुळात कधी लिहिला गेला, हे ते स्थळ सांगतं का?

छापील पुस्तक हातात घेतलं की पिवळा कागद, जुना टाइप, आण्यांतली किंमत यांवरून त्याचं वय आपोआप कळतं. स्क्रीनवर या सगळ्या खुणा पुसल्या जातात. दीडशे वर्षांपूर्वीचं वाक्य आणि गेल्या महिन्यातलं वाक्य एकाच फॉन्टमध्ये, शेजारी शेजारी बसतात. तुमच्या प्रबंधातला पुरावा यातल्या कोणत्या वाक्यावर उभा आहे, हे तुम्हाला सांगता यायला हवं.

शब्दकोशांपासून सुरुवात करू. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या प्रकल्पात मराठीचे अनेक कोश मोफत शोधता येतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, 1857), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (1932 पासून पुढे) आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999) हे तिन्ही तिथे आहेत. ग्रंथाचं नाव, वर्ष आणि छापील पानाचा क्रमांकही मिळतो. आमच्या निकषावर हे स्थळ पैकीच्या पैकी गुण घेतं.

तरीही घोटाळा होतोच, कारण वर्ष दिलेलं असलं तरी आपण ते वाचत नाही. मोल्सवर्थमध्ये ‘विमान’ शोधाल तर देवांचं वाहन भेटेल. उडणारं यंत्र तिथे असणार नाही, कारण 1857 मध्ये ते यंत्रच नव्हतं. हे लगेच लक्षात येतं. ‘देश’ या शब्दाचं तसं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात ‘देश’ म्हणजे कधी राष्ट्र असतं, तर कधी नुसता घाटावरचा मुलूख, म्हणजे कोकणच्या विरुद्ध बाजूचा. ‘देशस्थ’ मधला ‘देश’ तोच. आता कुणी जुन्या वर्तमानपत्रांत ‘देश’ किती वेळा आला हे मोजून राष्ट्रभावनेबद्दल निष्कर्ष काढला, तर त्यात घाटावरचा पाऊसपाणीही मोजला गेला असेल! म्हणून नियम साधा ठेवा: तुमचा मजकूर ज्या काळातला, त्याच्या जवळचा कोश आधी उघडा.

दुसरं स्थळ मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईहून हे काम उभं राहिलं. पहिला खंड 1976 मध्ये आला आणि शेवटचे खंड 2010 नंतर. खंड अकारविल्हे असल्यामुळे एक गंमत होते: नोंदीच्या पहिल्या अक्षरावरून तिचं वय ओळखता येतं. अणुविषयक नोंदी पहिल्या खंडातल्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या. ‘स’ आणि ‘ह’ च्या नोंदी त्यानंतर कित्येक वर्षांनी छापलेल्या. ऑनलाइन मात्र दोन्ही एका क्लिकच्या अंतरावर, सारख्याच ताज्या दिसतात. विश्वकोशाची मोठी ताकद म्हणजे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि बऱ्याचदा संदर्भही. मराठीत संकल्पना कशी मांडायची, कोणती परिभाषा वापरायची, हे शिकायला यासारखी दुसरी जागा नाही. आकडेवारी किंवा ‘सध्या’ ने सुरू होणारं विधान उचलायचं असेल, तर त्या खंडाचं प्रकाशनवर्ष आधी बघा. ते ‘सध्या’ तुमचं नाही.

तिसरं शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत, तेही प्रकरणवार पीडीएफमध्ये. इथे दोन तारखा असतात: प्रबंध पूर्ण झाल्याची आणि अपलोड झाल्याची. दोन्हींत कधीकधी खूप अंतर असतं, तेव्हा पहिलीच धरायची. मराठी शीर्षकं काही वेळा रोमन लिपीत नोंदवलेली असतात, म्हणून देवनागरीत शोधून काही सापडलं नाही की ‘या विषयावर कुणीच काम केलेलं नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. व्हायव्हात हे वाक्य फार महागात पडतं. दोन्ही लिप्यांत, वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधा. चालू संशोधनाचे आराखडे बघायला शोधगंगोत्री हे भावंडही आहे.

चौथं इंटरनेट अर्काइव्ह. दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रतींसाठी याला पर्याय जवळपास नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ ची असंख्य पुस्तकं आज इथेच सापडतात. पण त्यांच्या नोंदी भरताना शीर्षकं, लेखकांची नावं, वर्षं यांत पुष्कळ चुका राहिल्यात. नोंदीतलं वर्ष उतरवून घेऊ नका, पीडीएफ उघडून मुखपृष्ठामागचं पान बघा. याच संस्थेचं वेबॅक मशीन 1996 पासूनची वेबपानं तारखेनिशी साठवतं. तुम्ही उद्धृत केलेलं सरकारी परिपत्रक उद्या हटवलं गेलं, तर ‘ते होतं’ हे दाखवायला हीच जागा. म्हणून महत्त्वाचं पान वापरताना त्याची प्रत तिथे त्याच दिवशी साठवा.

शेवटी विकिपीडिया. गाईड नाक मुरडतात, आणि संदर्भयादीत तो नको हे मलाही मान्य आहे. पण आमच्या निकषावर तो भल्याभल्यांना मागे टाकतो! लेखाचा ‘इतिहास’ उघडा: कोणतं वाक्य कधी आलं, कुणी बदललं, काय खोडलं, सगळं समोर. एखाद्या विषयावर वाद नेमका कुठे आहे हे शोधायचं असेल, तर लेखापेक्षा त्याचं चर्चापान जास्त शिकवतं. तिथून तळटीपांकडे जा आणि मूळ ग्रंथ गाठा.

आता कामाचं. टिपणवहीत प्रत्येक ऑनलाइन संदर्भापुढे चार रकाने आखा: कुणी लिहिलं, कधी लिहिलं, ऑनलाइन कधी आलं, मी कधी पाहिलं. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तो संदर्भ वाट दाखवायला वापरा, पुरावा म्हणून नको. सरावासाठी ‘संशोधन’ हाच शब्द घ्या आणि वरच्या तिन्ही कोशांत शोधा. मुळात शुद्ध करणं या अर्थाचा हा शब्द. हिंदीत तो दुरुस्तीसाठी वापरतात, आपण रिसर्चसाठी. कोणत्या कोशात कोणता अर्थ पहिला दिलाय, कोणता दिलेलाच नाही, ते वर्षासकट लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि संदर्भ कसा वाचायचा हे त्यातून हाताला कळतं.